माणशी साडेतीन कॅमेरे

ऐकलंत की नाही? आमच्या गल्लीतल्या ‘श्रमसाफल्य’मध्ये सात कॅमेरे बसले! बंगल्यात माणसं दोन, दोघंही सत्तरीच्या पुढची. म्हणजे माणशी साडेतीन. मुलगा बॉस्टनला, मुलगी बंगळुरूला, सोनं केव्हाच बँकेच्या लॉकरमध्ये. घरात चोरण्यासारखं काय, तर काकांची होमिओपॅथीची पेटी आणि काकूंचा बिडाचा तवा. तवा गेला तर काकू अंथरूण धरतील, ते सोडा. पण म्हणून सात? फाटकावर एक, पोर्चमध्ये एक, गाडीवर एक, जिन्यात एक, गच्चीच्या दारावर एक, मागच्या अंगणात एक. सातवा कुठे ते ओघात सांगते. उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते.

झालं! समोरच्या ‘मातृछाया’ला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेता घेता तिथल्या वहिनी म्हणाल्या, “आमचे आठ येताहेत. शिवाय आमचे रंगीत.” रंगीत म्हणजे रात्रीसुद्धा रंगीत दिसणारे. आपल्या साध्या कॅमेऱ्यांना अंधारात सगळं पांढरंकाळं दिसतं, ह्यांच्या कॅमेऱ्याला छोटा दिवाच असतो. रात्री दोन वाजता आपल्या गल्लीत रंगीत असं काय बघायचंय, हे विचारायची माझी काही हिंमत झाली नाही.

कोथरूडच्या ह्या बाजूला अशा साथी येतच असतात. सोलर बंबाची येऊन गेली, मॉड्युलर किचनची येऊन गेली. पण बंब कधी शेजाऱ्यांकडे बघत नसे. हे बघतात.

आणि ऐकतातही! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ‘मातृछाया’त गेलो, तर तिळगुळाच्या आधी टीव्ही लागला. वाटलं, मालिका असेल. कसली मालिका! पडद्यावर चौकोनच चौकोन आणि सगळ्यांत त्यांचंच अंगण. मग वहिनींनी कौतुकाने रेकॉर्डिंग मागे नेलं आणि आम्ही साऱ्याजणी आमचंच येणं बघत बसलो. कुणी चपला काढता काढता कुणाच्या नव्या चपलांकडे पाहिलं, कुणी बेल वाजवण्याआधी काचेत केस सारखे केले, सगळं स्वच्छ. आणि एवढ्यात दारातली कुजबुज दिवाणखान्यात खणखणीत घुमली: “यंदा पण चाळणीच देणार बघ.” कॅमेऱ्यात माइक असतो हो! कुणी सांगितलंच नव्हतं. बोलणारीने पदराने कपाळ पुसलं, वहिनींनी अत्तरदाणी पुढे केली आणि वाण वाटलं. चाळणीच होती.

पण माझ्या मते खरा तमाशा कॅमेरे बसल्यावर होत नाही, ते कुठे बसवायचे हे ठरतं तेव्हा होतो. दुकानातून मुलगा येतो, खांद्याला ड्रिल मशीनची पिशवी, आणि पहिला प्रश्न विचारतो, “किती पॉइंट करायचे?” डॉक्टरने आत येतायेताच “इंजेक्शनं किती देऊ?” म्हणावं तसं. कशासाठी बसवताय, कुणाला बघायचंय, हे तो विचारत नाही, कारण मजुरी पॉइंटप्रमाणे आणि तार मीटरप्रमाणे. मग जेवणाच्या टेबलावर घराचा नकाशा पसरतो, पेन्सिल फिरते आणि घरातल्या एकेकाचं मन उघडं पडायला लागतं.

आजोबांना पेपरवाला किती वाजता येतो ते हवं असतं. पेपर उशिरा येतो ही त्यांची तक्रार जुनी, फक्त पुरावा नव्हता. मुलाला नव्या गाडीवर ओरखडा कोण काढतं ते हवं असतं, आणि संशयित त्याने आधीच ठरवलेला असतो, साडेआठ वर्षांचा, सायकलवाला. सुनेला कुरियरचं खोकं भिंतीवरून कोण फेकतं ते बघायचं असतं. सासूबाईंना मागची मोरी दिसली पाहिजे, म्हणजे भांडी घासताना साबण किती संपतो ते कळेल. आणि घरातले कर्ते पुरुष पेन्सिल हातात घेऊन गंभीरपणे कुंपणाकडे खूण करतात, कारण शेजारचे आपला पालापाचोळा तिथून इकडे ढकलतात. यादी पूर्ण होते. तिच्यात चोर कुठेच नसतो.

आता चोराचंही बघा. वर्तमानपत्रातली बातमी वर्षानुवर्षं एकच: बंद घराचा कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी ऐवज लंपास केला. दिवाळीची सुट्टी, मे महिना, लग्नसराई. म्हणजे ज्या कोयंड्यावर ही सगळी बातमी उभी आहे तो कोयंडा आधी बघायला नको? ‘मातृछाया’च्या मागच्या दाराचा कोयंडा वहिनींच्या लग्नातला आहे, दोन स्क्रू गायब आहेत, आणि त्याच्या डोक्यावर साडेतीन हजारांचा कॅमेरा आहे. कोयंडा तुटताना काय सुंदर रंगीत चित्रण होईल!

खरं तर ह्या प्रकरणाचं डोकं एका बाईचं आहे, पण ते आमच्या गल्लीतल्या पुरुषमंडळींना सांगायची सोय नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची नर्स. तिच्या कामाच्या वेळा अवेळी, नवरा आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, तोही रात्रीबेरात्री बाहेर, वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलिसांना बोलवावं तर लवकर येत नाहीत. 1966 मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, 1969 मध्ये ते मिळालं. दारात उंच, बुटकं, लहान मूल अशा सगळ्यांसाठी वरखाली चार भोकं, त्यांवरून सरकणारा एक कॅमेरा, आत पडदा, बोलायला माइक, दार लांबून उघडायची सोय आणि संकटात दाबायचं बटण. नीट बघा, बाईने कॅमेरा एकच धरला आणि तो दारावर, माणसाच्या तोंडासमोर. ना गच्चीवर, ना मोरीवर. नियोजन म्हणतात ते हे. त्याआधी म्हणे 1942 मध्ये जर्मनांनी पेनेम्युंड्याला रॉकेट उडताना लांबून बघता यावं म्हणून असा बंदिस्त टीव्ही लावला होता. म्हणजे आधी रॉकेट, मग दार आणि आता आमच्या सासूबाईंची मोरी.

बरं, कॅमेरा लावायचा कुठे, तर आमच्याकडे उत्तर एकच: उंच. जितका उंच तितका भारी. स्लॅबच्या खाली, बारा फुटांवर, जिथे चोराचा हात पोचणार नाही. हात पोचत नाही हे खरं, पण तिथून चोराचं दिसतं काय? टाळू. ‘श्रमसाफल्य’च्या पोर्चच्या कॅमेऱ्यात गेल्या महिन्याभरातली सगळी येणीजाणी मी पाहिली आहेत (काकूंनीच दाखवली, मी काही मागितली नव्हती). गल्लीतल्या कुणाकुणाचं टक्कल कुठवर आलंय, कोण केस रंगवतं आणि कोणाची रंगवायची तारीख उलटलीय, एवढी माहिती मिळाली. चेहरा एकाचाही नाही. दाराशी कॅमेरा सात-आठ फुटांवर, थोडा बाजूला, बेल दाबणाऱ्याचं तोंड येईल असा हवा. पण मग तो शेजाऱ्यांना रस्त्यावरून दिसत नाही ना!

आणि ह्या धंद्यात एक हिशेब असतो, तो दुकानदार सांगत नाही. मानक ठरलेलं आहे. अनोळखी माणूस खात्रीने ओळखू यायचा तर चित्रात दर मीटर रुंदीला 250 ठिपके हवेत. ओळखीचा माणूस ओळखायचा तर 125. ‘कुणीतरी आहे’ एवढंच कळायचं तर 25 पुरतात. आता आपला नेहमीचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवे 1920 ठिपके देतो. 1920 ला 250 ने भागा, साडेसात मीटर आले. दुकानात सरसकट गळ्यात मारतात ते 2.8 मिलिमीटरचं भिंग अंगणभर पसरून बघतं, आणि त्याच्या चित्राची रुंदी तीन मीटरवरच साडेसातच्या पुढे जाते. म्हणजे दहा फुटांपलीकडे चोर हा चोर राहत नाही, ‘कुणीतरी’ होतो. भिंग जितकं अरुंद, सहा किंवा बारा मिलिमीटरचं, तितकं लांबचं तोंड दिसतं, पण मग कोपरे सुटतात. फाटकाला एक भिंग, पोर्चला दुसरं, हे कागदावर आधी मांडायचं असतं. आमच्याकडे सगळ्यांना सगळीकडे 2.8, कारण डब्यावर ‘वाइड’ लिहिलेलं असतं आणि पैसे दिले तर जास्त दिसलं पाहिजे!

साठवणीची तीच कथा. “महिनाभराचं राहतं ना?” असं विचारायचं, तो “राहतं की” म्हणतो, संपलं. राहतं कुठून? दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा नव्या पद्धतीने चित्र दाबून साठवत असेल, सेकंदाला दोन मेगाबिटच्या हिशेबाने, तर दिवसाला एकवीस-बावीस जीबी खातो. असे चार म्हटले तर रोजचे शहाऐंशीच्या आसपास. एक टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि बाराव्या दिवशी पहिला दिवस पुसून त्यावर लिहायला लागते. काशीयात्रेला पंधरा दिवस जाऊन आलेल्या माणसाला परतल्यावर काय दिसणार? काशीत असताना घरात काहीही झालं नाही, ते. बारीक हालचाल झाली की तेवढंच साठवायचं, अशी सोय असते म्हणा. पण मग रात्री कॅमेऱ्याच्या तांबूस दिव्यांपाशी चिलटं जमतात, चिलटांमागे कोळी येतो, तो भिंगासमोरच जाळं विणतो, जाळं वाऱ्याने हललं की फोन वाजतो. ‘मातृछाया’तले भाऊजी रात्री अडीचला काठी घेऊन उठले होते, ते ह्याच कोळ्यासाठी. पडद्यावर तो केवढा दिसला असेल, कल्पना करा. बहुतेक रंगीत.

हे साठवणारं यंत्र, म्हणजे डीव्हीआर, ठेवतात कुठे, तेही ऐका. टीव्हीच्या खाली. शोकेसमध्ये. निळा दिवा लुकलुकतोय, बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला महाबळेश्वरहून आणलेली काठी. चोर टीव्ही नेतो तेव्हा सोबत डीव्हीआरही उचलतो, म्हणजे स्वतःचं सगळं चित्रण स्वतःच्याच घरी नेतो. माळ्यावर, कुलूपबंद कपाटात, वायुवीजन बघून, कुठेही ठेवा, पण देखाव्यात नको. पण मग पाहुण्यांना दिसणार कसं? आणि लाइट गेली की काय, हा प्रश्न तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. इन्व्हर्टरवर पंखे आहेत, फ्रिज आहे, देवघराचा दिवा आहे. कॅमेरे नाहीत. अंधार झाला की बघणं बंद.

एक गोष्ट सांगते, पण माझं नाव पुढे करू नका. ‘मातृछाया’च्या आठांतले तीन खोटे आहेत म्हणे. नुसते खोके, आत सेल, पुढे लाल दिवा लुकलुकणारा. खऱ्या कॅमेऱ्याला असा लुकलुकणारा लाल दिवा कशाला असेल? एवढं चोरालाही कळतं. शेजाऱ्यांना कळत नाही, आणि बसवले तर शेजाऱ्यांसाठीच आहेत, त्यामुळे काम भागतं.

पासवर्डचं मात्र मी हसून सोडत नाही, तिथे मला खरंच संताप येतो. यंत्र येतं तेव्हा त्याला कारखान्याचा पासवर्ड असतो, तो बदलायचा असतो. आमच्या गल्लीत बहुतेकांनी ‘ॲडमिन’च ठेवलाय, ज्यांनी बदलला त्यांनी बंगल्याचं नाव घातलंय, जे फाटकावर संगमरवरात कोरलेलं आहे. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा केले. त्याच्याकडे कारखान्यातल्या नावा-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, तेवढ्यावर भागलं. लाखभर घरांतली ही यंत्रं कामाला लावून त्या ऑक्टोबरात इंटरनेटचा पत्ता सांगणारी एक अमेरिकन कंपनी ठप्प केली, ट्विटर आणि नेटफ्लिक्स कितीतरी जणांना दिवसभर दिसेनात. मूळ व्हायरस लिहिणारी पोरं विशी-बाविशीतली, आणि भांडण माइनक्राफ्ट ह्या खेळाच्या सर्व्हरवरून! तर तुमच्या पोर्चमधला तो डोळा रात्री कुणाच्या नोकरीत असतो, ते आधी बघा. आपल्याकडे एप्रिल 2025 पासून विकायच्या कॅमेऱ्यांना सरकारमान्य प्रयोगशाळेची सुरक्षाचाचणी सक्तीची झाली, ते बरंच झालं. पण कायदा डब्याला लागू होतो, ‘ॲडमिन’ला नाही.

तर आता सातवा. बसा जरा.

‘श्रमसाफल्य’चा सातवा कॅमेरा स्वयंपाकघरात आहे! फ्रिजच्या समोर, वर, कोपऱ्यात. बसवायला लावला बॉस्टनच्या मुलाने, आईबाबांच्या काळजीपोटी. पडलेबिडले तर कळायला नको? काळजी खरी आहे, मी नाही म्हणत नाही. पण बॉस्टनला रात्रीचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेसात असतात, आणि साडेसातला काकांचा हात डिंकाच्या लाडवाच्या डब्यात असतो. काकांना डायबेटिस. परवा डब्याचं झाकण निघालं, लाडू वर आला, आणि छतातून आवाज आला: “बाबा, ठेवा तो.”

काका म्हणाले, मला आधी वाटलं दत्तगुरू बोलले.

लाडू खाली पडला, काका खाली बसले, आणि मुलगा तिकडून “बाबा, बसलात का? छातीत दुखतंय का?” म्हणून ओरडायला लागला. घेरी यायचीच बाकी होती. आता ऐका पुढचं. काकूंनी हळूहळू, पोळ्या लाटता लाटता, कॅमेऱ्याला काय दिसत नाही ते शोधून काढलं. फ्रिज आणि भिंत यांमध्ये वीतभर जागा आहे, तिथे लाडवाचा डबा गेला. सकाळी काका पाणी प्यायला म्हणून फ्रिजचं दार उघडतात, दाराआड दोन मिनिटं थांबतात आणि मिशी पुसत बाहेर येतात. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या दोघांचं इतकं संगनमत मी कधी पाहिलं नव्हतं. मुलगा तिकडे आनंदात आहे की बाबा आता पाणी भरपूर पितात.

कामवाल्या मावशींनी तर पहिल्याच दिवशी वर बोट करून विचारलं, “हा चालू आहे का?” काकू म्हणाल्या, हो. “मग मला पण तसा करून द्या की मोबाईलमध्ये. तुम्ही माझा साबण बघा, मी तुमचं दूध किती उतू जातं ते बघते.” काकूंना हसू आवरेना. पण बाईचं बोलणं खोटं आहे का? बघणाऱ्यालाही बघितलं पाहिजे, हे कुठल्याच दुकानाच्या कोटेशनमध्ये नसतं.

आणि ज्या घरांत सून कामाला जाते आणि सासू घरी असते, किंवा सासू भजनाला जाते आणि सून घरून काम करते, तिथे दिवाणखान्यातल्या कॅमेऱ्याने काय काय केलंय, ते मी लिहिणार नाही. दोन घरांत बोलाचाल बंद आहे, एवढं पुरे. कोलकात्यात तर एकाच घरात राहणारे दोन भाऊ न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं की सोबत राहणाऱ्यांच्या संमतीवाचून घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता यायचे नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात ढवळाढवळ केली नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये एकमुखाने लिहून ठेवलंय. बॉस्टनहून पाहिलं तरी तो तोडलाच जातो. विदासुरक्षेचा 2023 चा कायदा घरगुती वापराला सूट देतो, म्हणून कुणी ‘माझं घर, माझा कॅमेरा’ म्हणेल. पण न्हाणीघराच्या खिडकीकडे रोखलेला कॅमेरा घरगुती ठरत नाही. तिथे माहिती-तंत्रज्ञान कायद्याचं 66 ई आहे, न्याय संहितेचं 77 आहे, आणि त्याच्याही आधी खिडकीतली बाई आहे. शेजाऱ्यांची खिडकी चित्रात येत असेल तर तेवढा भाग काळा करून टाकायची सोय जवळजवळ प्रत्येक यंत्रात असते. दोन मिनिटांचं काम. आमच्या गल्लीत ते कुणी केल्याचं मला माहीत नाही. उलट कुणाकडे दोरीवर किती साड्या वाळतात, हे सगळ्यांना पाठ आहे.

बरं, एवढं करून ह्या यंत्रणेने आजवर पकडलं काय? चोर नाही. फुलचोर.

तुम्हाला ठाऊक असेलच. पहाटे साडेपाचला फिरायला निघतात, हातात आकडी, खिशात प्लॅस्टिकची पिशवी. कुंपणाबाहेर आलेली फांदी सार्वजनिक, असा त्यांचा एक स्वतःचाच कायदा आहे, आणि आकडीने आतली फांदी बाहेर ओढली की तीही सार्वजनिक होते. जास्वंद, तगर, अनंत, गणपतीच्या दिवसांत दुर्वासुद्धा. देवासाठी नेलेलं पाप नसतं. ‘मातृछाया’च्या आजेसासूबाईंची डबल जास्वंद रोज पहाटे साफ व्हायची आणि आजी नऊ वाजता देवाला नुसत्या हळदीकुंकवावर राजी करायच्या. कॅमेरे आल्यावर आजींनी एकच विचारलं, “आता सापडेल ना मेला?”

सापडला! म्हणजे दिसला. कुंपण भिंगापासून तीस फुटांवर. माकडटोपी, मफलर, आकडी आणि पिशवी. चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. मघाशी सांगितला तो हिशेब लावून बघा, 2.8 च्या भिंगाने तीस फुटांवर मीटरमागे ऐंशीच ठिपके पडतात. टोपी कळते, तोंड नाही. पण भाऊजींनी ते वीस सेकंदांचं चित्रण गल्लीच्या व्हॉट्सॲपवर टाकलं आणि प्रत्येकाला त्यात आपापला माणूस दिसला. पालापाचोळावाल्यांना त्यांचे शेजारी दिसले. पार्किंगचं भांडण होतं त्यांना पार्किंगवाला दिसला. एका सूनबाईंना चक्क स्वतःचे सासरे दिसले, आणि त्यांनी ते लिहूनही टाकलं. मग मेसेज काढला, पण तोवर सगळ्यांचे बघून झाले होते.

एका निवृत्त वकीलकाकांनी तेवढ्यात ग्रुपवर थंड पाणी ओतलं. म्हणाले, असं चित्रण पुरावा म्हणून चालत नाही. आणि त्यात ते चुकले नाहीत. जालन्याची 2014 ची विधानसभा निवडणूक आठवा. अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले, आणि अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला का, ह्यावर खटला उभा राहिला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण मधे आलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 14 जुलै 2020 ला निकाल लागला: मूळ यंत्रच हजर केलं नाही, तर ठरलेलं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात घेता येत नाही. आता जुलै 2024 पासून नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग, एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचा हॅश आकडा वेगळाच. एका डबल जास्वंदीसाठी!

भाऊजी हटेनात. पेनड्राइव्ह घेऊन निघालेच होते, तेवढ्यात वकीलकाकांनी चित्रणाच्या कोपऱ्यातली तारीख वाचून दाखवली. 1 जानेवारी 2000. यंत्रातला बटणाएवढा सेल संपला असेल, लाइट गेली की घड्याळ मूळपदावर. म्हणजे जास्वंदी चोरीला गेल्या तेव्हा झाड लावलेलंच नव्हतं.

भिंग बदला, एक कॅमेरा कुंपणाच्या आतल्या बाजूला छातीच्या उंचीवर लावा, घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं करा, हे मी वहिनींना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “आणखी दोनच बसवले की झालं. ‘श्रमसाफल्य’वाले पण नऊ करताहेत म्हणे.” आजींनी मात्र कुणाचं न ऐकता नातवाकडून पाटी रंगवून घेतली आणि कुंपणाला टांगली:

‘फुले तोडणाऱ्यांस नम्र विनंति. तोडण्यापूर्वी टोपी काढून दारापासून दहा फुटांच्या आत उभे राहावे. त्यापलीकडे तुमची ओळख पटत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी जास्वंद पुन्हा साफ. आणि पाटीवरच्या ‘विनंति’वर कुणीतरी लाल शाईने काट मारून वर दीर्घ ‘विनंती’ लिहून ठेवलेलं! कॅमेऱ्यात माकडटोपी आहे, आकडी आहे, पिशवी आहे, आणि झूम केलं की खिशाला लावलेलं एक पेन. गल्लीत मराठीचे निवृत्त मास्तर तिघं आहेत.